आधी सीलंट ओळखा, मग हेडलाइट उघडा

संपादक महोदय,

पावसाळ्यात हेडलाइटच्या आत वाफ धरली की ‘ओव्हनमध्ये गरम करा, काच आपोआप सुटते’ हा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. काही गाड्यांना तो लागू पडतो. बाकीच्यांचे हाउसिंग, म्हणजे मागचे प्लास्टिकचे कवच, वाकते, लाइट गाडीला बसवायचे कान तुटतात आणि लाइट भंगारात जातो. एलईडी असेंब्लीच्या, म्हणजे अख्ख्या जोडलेल्या लाइटच्या, किमती पाहता हा खेळ स्वस्त नाही, म्हणून हे पत्र.

मुळात बऱ्याच वेळा लाइट उघडायची गरजच नसते. काच पिवळी पडते ती बाहेरून. आपण जिला काच म्हणतो ते पॉलिकार्बोनेट असते आणि त्यावरचा संरक्षक थर उन्हाने उडतो. त्यासाठी ८००, १०००, १५००, २००० आणि ३००० नंबरचे वॉटर पेपर क्रमाने, भरपूर पाणी मारत फिरवावेत. प्रत्येक पेपर आधीच्याच्या आडव्या दिशेने घासला की जुने ओरखडे राहिले का ते लगेच दिसते. मग चकाकी आणणारे पॉलिशचे कंपाउंड आणि शेवटी यूव्ही रोखणारा क्लिअर कोट. हा कोट टाळला, तर चमक काही महिन्यांत जाते. टूथपेस्टचा उपाय याच कारणाने फसतो.

वाफेचेही तसेच. हेडलाइट पूर्ण हवाबंद नसतो. बल्ब तापला की आतली हवा फुगते, विझला की आक्रसते, म्हणून मागे वाकडी रबरी नळी किंवा जाळीदार पापुद्रा असलेला व्हेंट, म्हणजे हवा जायची-यायची वाट, ठेवलेला असतो. पाऊस लागल्यावर कोपऱ्यात धूसर दव दिसले आणि लाइट लावल्यावर थोड्या वेळात गेले, तर तो दोष नव्हे. तळाशी पाणी साचत असेल, तर गळती आहे. पण तेव्हाही आधी मागचे रबरी झाकण, बल्बची रबर रिंग आणि व्हेंटची नळी तपासावी. बाजारातला पंखेवाला एलईडी बल्ब बसवताना मागचे झाकण लागत नाही म्हणून ते काढूनच टाकले जाते, आणि मग दोष काचेच्या जोडाला दिला जातो.

तरीही उघडायचाच असेल, तर पहिले काम सीलंट, म्हणजे काच हाउसिंगला चिकटवणारा मसाला, ओळखण्याचे. काच आणि हाउसिंगच्या खाचेत टाचणी खुपसून ओढा. काळा-करडा मसाला टाचणीला चिकटून तारा सुटल्या, तर ते ब्युटाइल. ते उष्णतेने मऊ होते. मसाला रबरासारखा दबून परत वर आला आणि तार निघाली नाही, तर ते पॉलियुरेथेन किंवा सिलिकॉनचे कायमचे सील. ते कितीही तापवा, सुटत नाही. त्याआधी प्लास्टिक हार मानते. असा लाइट पात्याने कापूनच उघडावा लागतो आणि ते घरी करायचे काम नाही. टेललाइट तर बहुधा वितळवून जोडलेले असतात. त्यांच्या वाटेला जाऊच नये.

ब्युटाइल असेल तर बॅटरीची वायर काढून, बंपर उतरवून लाइट बाहेर काढावा. मूळचा झेनॉन लाइट असेल तर जास्त जपावे, कारण तो पेटवताना त्याला वीज देणारा बॅलास्ट २०,००० व्होल्टच्या आसपास दाब देतो. बल्ब, एलईडीला वीज पुरवणारा ड्रायव्हर, झोत वरखाली करणारी मोटर, रबरी झाकणे आणि कडेच्या क्लिपा आधी काढाव्यात. जोडाच्या कडेने मागच्या बाजूला लपलेले स्क्रू मोजून काढावेत. एक जरी राहिला, तरी ओढताना काच नेमकी तिथेच तडकते.

हाउसिंग बहुधा पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकचे असते, १०० अंशांच्या पुढे ते वजनाने वाकू लागते. म्हणून पंख्याच्या ओव्हनमध्ये ९५ ते १०० अंश, ८ ते १० मिनिटे, एवढे पुरते. घरगुती ओटीजीत मोटारीचा लाइट सहसा मावत नाही. मावला, तरी लालभडक सळईसमोरची बाजू वितळते. शिवाय त्याच ओटीजीत पुन्हा केक करू नये. जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात लाइट ठेवून एका भोकातून हीट गनची हवा सोडणे, आत थर्मामीटर ठेवून ८५ ते ९५ अंश १५-२० मिनिटे टिकवणे, हा जास्त सोयीचा मार्ग. फक्त गनचे तोंड लाइटकडे किंवा पुठ्ठ्याकडे रोखलेले नको आणि खोक्याजवळून हलू नये. उघड्यावर हीट गन फिरवताना ती एका जागी थांबली, की काचेला फुगा येतो.

मसाला मऊ झाला की रुंद कोपऱ्यापासून, कापड गुंडाळलेल्या चपट्या पात्याने कड उचलावी आणि दोन्ही हातांनी सावकाश ओढावे. जोर लागतोय असे वाटले, तर पुन्हा तापवावे. ब्युटाइलच्या तारा लांबतात, त्या कात्रीने कापाव्यात. रिफ्लेक्टरवर, म्हणजे उजेड परतवणाऱ्या आतल्या चकचकीत वाटीवर, पडू देऊ नयेत. रिफ्लेक्टरवरचा ॲल्युमिनियमचा थर एका मायक्रॉनहून पातळ असतो. त्याला मऊ फडकेही लावू नये, धूळ फक्त फुंकणीने उडवावी. पुसायला गेले की हा थर उडतो आणि तो लाइट पुन्हा पहिल्यासारखा उजेड देत नाही.

आतली पट्टी काळी करायची हौस असेल, तर रंग फक्त बेझेलला, म्हणजे भोवतीच्या शोभेच्या चौकटीला, द्यावा, रिफ्लेक्टरला कधीच नाही. रंग वरवर सुकला म्हणून लगेच लाइट बंद करू नये. आठवडाभर तरी वाळू द्यावा. नाहीतर बल्बच्या उष्णतेने राहिलेले सॉल्व्हंट उडते आणि काचेच्या आतून पांढुरकी साय बसते. पेट्रोल, थिनर, ॲसिटोन काचेजवळ आणू नये, पॉलिकार्बोनेटला केसासारख्या भेगा पडतात. साफसफाईला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरावे.

बंद करताना घाई नको. खाचेतला जुना मसाला पूर्ण काढावा, धूळ बसलेल्या मसाल्यावर नवा धरत नाही. नवी ब्युटाइल दोरी साधारण ८-९ मिलिमीटर जाडीची, एका लाइटला दीड ते दोन मीटर लागते. दोरी न ताणता बसवावी, टोके दोन सेंटिमीटर एकमेकांवर चढवावीत. पुन्हा तापवून, गरम असतानाच काच दाबून क्लिपा-स्क्रू लावावेत आणि थंड होईपर्यंत शिकंजे लावून ठेवावेत. ब्युटाइलऐवजी व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन मुळीच वापरू नये, त्यातून सुटणारे ॲसेटिक ॲसिड रिफ्लेक्टर खाते. आणि ‘वॉटरप्रूफ’ करण्याच्या नादात व्हेंट बुजवू नये. तसे केले, की थंड होणारा लाइट बारीकशा फटीतूनही पाणी आत ओढतो. सिलिका जेलची पुडी आत टाकणेही निरुपयोगी, ती एकदा भरली की तापल्यावर ओल परत सोडते. चाचणीसाठी मागची झाकणे लावून, बाकीचे व्हेंट बोटाने दाबून, एका व्हेंटच्या नळीतून तोंडाने फुंकावे आणि जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहावेत. कॉम्प्रेसरची हवा सोडली तर नवाच जोड उघडेल.

प्रोजेक्टर, म्हणजे भिंगातून झोत टाकणारा दिवा, बसवणाऱ्यांनी एक गोष्ट पाहावीच. आपण डावीकडून गाडी चालवतो, म्हणून लो बीमची (खालच्या झोताची) उजेड-अंधार वेगळी करणारी वरची रेघ डाव्या बाजूला वर चढायला हवी. उजवीकडून वाहतूक असलेल्या देशांसाठी बनवलेले प्रोजेक्टरही इथे विकले जातात, त्यांची रेघ उजवीकडे, म्हणजे थेट समोरच्या चालकाच्या डोळ्यांत चढते. घाटरस्त्यावर याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी खुपसण्याचा दोषही याच जातीचा: उजेडाचा उगम फिलामेंटच्या जागेवर नसतो, म्हणून झोत विस्कटतो. लाइट बसवल्यावर सपाट जागी, टायरची हवा बरोबर ठेवून, भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करावी. लो बीमची रेघ बल्बच्या मध्यापेक्षा साधारण १० सेंटिमीटर खाली यावी. हाउसिंगवर झोताचा उतार १.० किंवा १.२ टक्के असा छापलेला असेल, तर तो आकडा प्रमाण मानावा.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केले, त्यात वाहन उद्योगही आहे. तरी एका तडकलेल्या काचेसाठी बहुतेक गाड्यांना आख्खी असेंब्ली घ्यावी लागते. कंपन्यांनी काच, व्हेंट, मागची झाकणे आणि ब्युटाइल दोरी सुट्या भागांत विकावी आणि सीलंट कोणते ते हाउसिंगवर छापावे. परिवहन विभागाने पीयूसी केंद्रांवर झोत तपासायचे यंत्र ठेवले, तर धुराच्या नळीबरोबर दिव्याचीही तपासणी दोन मिनिटांत उरकेल.

– एक ऑटो इलेक्ट्रिशियन, कोल्हापूर