झाकण लावून पाहिलं होतं का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत पहिल्याच पानावर ‘देवयानीत तीन गूढ दिवे’ हा मजकूर वाचला. पत्र सोमवारी लिहितोय, कारण रविवारी लिहिलं असतं तर ते आपल्याला छापता आलं नसतं.

फोटो चांगला आहे हे आधी सांगून टाकतो. देवयानी दीर्घिकेच्या कडेचे धुळीचे काळे पट्टे त्यात स्पष्ट दिसतात, शेजारची छोटी दीर्घिकासुद्धा वेगळी ओळखू येते. पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरून निघालेला उजेड साध्या कॅमेऱ्यात एवढा नीट उतरवणं सोपं नाही, आणि कॉलेजात जाणाऱ्या मुलानं ते केलंय. त्याच्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. ‘हे तीन ठिपके कसले?’ एवढंच त्यानं विचारलं, आणि ते बरोबरच विचारलं. उत्तर शोधायला आपण मात्र ‘परग्रहवासीयांच्या अभ्यासकां’चं दार ठोठावलंत. त्यांनी अर्थातच निराश केलं नाही.

आता ते ठिपके. एक लाल, एक हिरवा, एक निळा. आपल्या अभ्यासकांना हा ‘संदेश’ वाटला. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर प्रत्येक पिक्सेलच्या डोक्यावर एका रंगाची गाळणी बसवलेली असते, आणि ते रंग असतात लाल, हिरवा आणि निळा. काही पिक्सेल तापतात, उजेड नसतानाही उजेड पडल्याचं सांगतात आणि आपापल्या गाळणीच्या रंगात चमकतात. त्यांना हॉट पिक्सेल म्हणतात. सेन्सरचं तापमान सहा-सात अंशांनी वाढलं की हा खोटा उजेड साधारण दुप्पट होतो. फोटो ऑक्टोबरच्या उकाड्यातला आहे, हे आपल्याच मजकुरात आहे. परग्रहवासीयांनी एवढ्या लांबून येऊन नेमके कॅमेरा कंपनीचेच तीन रंग निवडले असतील, तर त्यांच्या अभ्यासाचंही कौतुक व्हायला हवं.

खात्री करून घ्यायला वेधशाळा लागत नाही. लेन्सला झाकण लावायचं, तेवढ्याच वेळाचं एक्स्पोजर पुन्हा द्यायचं. झाकण लावूनही ठिपके त्याच जागी दिसले, तर परग्रहवासी कॅमेऱ्यात राहतात. आम्हा खगोलप्रेमींकडे याला डार्क फ्रेम म्हणतात आणि नवशिक्यालाही ती पहिल्या आठवड्यात शिकवतात.

पण हे त्या मुलाला सांगणार कोण? मजकुरात त्याच्या वडिलांचा व्यवसाय आहे, त्याला मिसळ आवडते हेही आहे. फोटो किती वाजता घेतला, कुठून घेतला, एक्स्पोजर किती सेकंदांचं, एकच फ्रेम की अनेक फ्रेम एकावर एक रचून केलेला, यातलं एक अक्षर नाही. ठिपका एकाच फ्रेममध्ये आहे की सगळ्यांत, एवढ्या एका प्रश्नानं निम्मी गूढं निकालात निघतात. एकाच फ्रेममध्ये असेल तर वैश्विक किरणांतला एखादा कण सेन्सरवर आदळलेला असू शकतो, क्षणभर सूर्य परावर्तित करून गेलेला उपग्रह असू शकतो, किंवा थेट आपल्या दिशेनं येणारी उल्का. सगळ्या फ्रेममध्ये असेल आणि ताऱ्यांबरोबर सरकत असेल, तर मात्र पुढे बघायला हवं.

एवढं चिडायला मला कारण आहे, आणि ते आपल्या दप्तरात सापडेल.

काही हिवाळ्यांपूर्वी मी यवतेश्वरच्या पठारावरून मृग नक्षत्राचा फोटो घेतला होता. १३५ मिलिमीटरची लेन्स, खाली ट्रॅकर, एका मिनिटाचं एक्स्पोजर. फ्रेममध्ये वर बाणाचे तीन तारे, खाली मृगातला तेजोमेघ, आणि दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेत पाच ठिपके. एका ओळीत, सारख्या अंतरावर, ओळ किंचित तिरपी. मला आनंद झाला, कारण ते काय आहे हे बघताक्षणी कळत होतं.

भूस्थिर उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर, विषुववृत्ताच्या वर असतात. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला राहतो, त्यामुळे आपल्याला त्यांचा पट्टा आकाशातल्या विषुववृत्तावर, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरच्या रेषेवर, दिसत नाही, त्याच्या तीन-सव्वातीन अंश दक्षिणेला दिसतो. बाण जवळजवळ याच आकाशातल्या विषुववृत्तावर, तेजोमेघ साडेपाच अंश दक्षिणेला. म्हणजे महाराष्ट्रातून पाहिलं तर हा पट्टा बरोबर त्या दोघांच्या मधून जातो. ट्रॅकर ताऱ्यांच्या मागे फिरतो, उपग्रह जागचा हलत नाही. त्यामुळे फोटोत तारे स्थिर राहतात आणि उपग्रह सरकलेला दिसतो, सेकंदाला १५ विकला या वेगानं. (अंशाचा साठावा भाग म्हणजे कला, कलेचा साठावा भाग म्हणजे विकला.) चालू उपग्रह असता तर सलग रेघ उमटली असती. बंद पडलेला उपग्रह गिरक्या घेतो आणि दर गिरकीला सूर्य त्याच्या अंगावरून एकदा चमकून जातो. माझ्या फोटोत दोन ठिपक्यांमधलं अंतर तीन कला होतं. तीन कला म्हणजे १८० विकला, भागिले १५, म्हणजे दर १२ सेकंदांनी एक चमक. मिनिटात पाच. ओळ तिरपी, कारण बंद उपग्रहाला कोणी जागेवर धरून ठेवत नाही आणि त्याची कक्षा हळूहळू कलत जाते. एका फोटोवरून, घरी चहा पिता पिता, एका मेलेल्या उपग्रहाची नाडी मोजता आली.

हे सगळं मी आमच्या खगोलप्रेमींच्या ग्रुपवर टाकलं. तिथून आपल्या तेव्हाच्या प्रतिनिधीपर्यंत ते पोचलं. गृहस्थ सौजन्यानं बोलले. मी त्यांना फोनवर अर्धा तास विकला आणि कला समजावल्या. ‘वा सर, फारच इंटरेस्टिंग,’ असं ते मधून मधून म्हणत होते. तेव्हाच सावध व्हायला हवं होतं असं आमच्या घरी अजून ऐकवलं जातं, पण सभ्यपणे बोलणाऱ्या माणसावर संशय घ्यायची मला सवय नाही.

दुसऱ्या दिवशी आपल्या अंकात मथळा होता: ‘साताऱ्याच्या आकाशात गूढ प्रकाशमाला, खगोलप्रेमीही चक्रावले’. चक्रावलेला खगोलप्रेमी मी! गिरक्या उपग्रह घेत होता, महाशय. ‘उपग्रहाची शक्यता नाकारता येत नाही’ असं एक वाक्य शेवटी होतं, जणू ती शक्यता नाकारण्यासाठी मी अर्धा तास घालवला होता. ध चा मा करायला निदान एक अक्षर तरी बदलावं लागलं. इथे अक्षरं माझीच ठेवून अर्थ उलटा केला होता. आणि फोटो? तो आडवा होता, तर एका कॉलमात बसावा म्हणून चारही बाजूंनी कापला. पाचातले तीनच ठिपके उरले. बाण गेला, तेजोमेघ गेला. म्हणजे ठिपके आकाशात कुठे आहेत हे ज्याच्यावरून कळतं, नेमकं तेच गेलं.

त्यानंतरचा आठवडा कसा गेला ते मी सविस्तर सांगत नाही. दूधवाल्यानं विचारलं, वाण्यानं विचारलं. डोंबिवलीहून मावसबहिणीचा फोन आला, ‘तुम्ही थोडे दिवस इकडे या’ म्हणून. एक गृहस्थ पत्रिका घेऊन आले आणि माझ्या फोटोतल्या ओळीवरून पावसाचं भाकीत करून गेले. मी खुलासा लिहून पाठवला, जेमतेम दहा ओळींचा. ‘जागेअभावी’ असं उत्तर आलं. गूढ छापायला अर्धं पान होतं. ते गूढ नाही हे छापायला दहा ओळी नव्हत्या.

असे ठिपके दिसले की मी नुसता हसतो, असं कृपया समजू नये. अर्जेंटिनातल्या रोझारियो शहरात व्हिक्टर बुसो नावाचे हौशी निरीक्षक आहेत, व्यवसायानं कुलूप-किल्लीवाले. २० सप्टेंबर २०१६ च्या रात्री ते घराच्या गच्चीवर नवा कॅमेरा तपासत होते. एनजीसी ६१३ या दीर्घिकेचे वीस-वीस सेकंदांचे फोटो घेत असताना, सुरुवातीच्या फोटोंत नसलेला एक ठिपका नंतरच्या फोटोंत दिसायला लागला आणि तेजस्वी होत गेला. त्यांनी लगेच इतरांना कळवलं. तो ताऱ्याच्या स्फोटाचा अगदी पहिला क्षण निघाला, आतला धक्का पृष्ठभाग फोडून बाहेर पडतानाचा. त्यावरचा शोधनिबंध २०१८ साली ‘नेचर’मध्ये छापून आला, त्यात बुसोंचं नाव आहे. त्यांच्याजवळ प्रत्येक फोटोची वेळ होती, आधीचे फोटो होते, नंतरचे होते. त्यांनी एकच फोटो, तोही कापून, पुढे केला असता तर त्यातून काय सिद्ध झालं असतं?

आणि मोठ्यांनाही चकवा बसतो, तेही सांगतो. हवाईतल्या केक दुर्बिणीवर २०१७ साली जीएन-झेड११ या अतिदूरच्या दीर्घिकेच्या दिशेनं एक चमक नोंदली गेली. २०२० च्या डिसेंबरात ती गॅमा किरणांच्या स्फोटाशी संबंधित असावी असा निबंध आला. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटानं दाखवून दिलं की रशियाच्या प्रोटॉन रॉकेटचा ब्रीझ-एम हा वापरून झालेला टप्पा त्या वेळी नेमका तिथून जात होता. कशावरून दाखवलं? वेळ आणि जागा नोंदलेली होती, त्यावरून.

आपल्याकडचंच बघा. २ एप्रिल २०२२, पाडव्याची संध्याकाळ. विदर्भाच्या आकाशातून पेटते तुकडे गेले, अर्ध्या महाराष्ट्रानं मोबाइलवर टिपले. उल्का म्हणा, विमान म्हणा, सगळं म्हणून झालं. सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत धातूची भलीमोठी कडी येऊन पडली. चिनी रॉकेटचा टप्पा असावा असा अंदाज लवकरच बांधला गेला, कारण व्हिडिओंवर वेळ होती. तेव्हा कोणी त्या मोबाइलवाल्यांना आवडता पदार्थ विचारत बसलं नाही.

माझी मागणी लहान आहे. आकाशाचा फोटो छापाल तेव्हा खाली एक ओळ द्या: तारीख, वेळ, ठिकाण, एक्स्पोजर. फोटो कापू नका. आणि त्या मुलाला माझा हा झाकणाचा निरोप द्या, म्हणजे ‘संदेश’ वाचत बसण्याऐवजी तो पुढचा फोटो घ्यायला मोकळा होईल.

गूढ दिव्यांवरच अर्धं पान भरायचं असेल तर यवतेश्वरच्या पुढे कासच्या वाटेला या. तिथल्या हॉटेलांनी आणि लग्नाच्या लॉनवाल्यांनी जे फ्लडलाइट आणि शार्पी (लांब झोत टाकणारे दिवे) आभाळाकडे तोंड करून लावलेत, ते कोणासाठी लावलेत हे मलाही कळलेलं नाही. वऱ्हाडी तर जमिनीवर असतात. त्या झोतांमुळे आता तिथून मृगातला तेजोमेघसुद्धा धुवून निघाल्यासारखा दिसतो.

आपला,
एक जुना वर्गणीदार, सातारा

ता. क. पुरवणीत महिन्याच्या पहिल्या रविवारी येणारा तारकानकाशा आपण बंद केलात, तिथे आता राशिभविष्य पाऊण पान झालंय. ते बंद करा असं मी म्हणत नाही, आमच्याकडेही आधी तेच पान उघडलं जातं. पण शेवटचा जो नकाशा आला होता, त्यात पूर्व-पश्चिमेची अदलाबदल होती. उत्तर वर आणि पूर्व डावीकडे पाहून आपल्या मांडणीवाल्यांना ती चूक वाटली असणार आणि त्यांनी परस्पर ‘दुरुस्त’ केली असणार. तो नकाशा घेऊन जे गच्चीवर गेले, त्यांनी व्याध पश्चिमेला उगवायची वाट पाहिली असेल. नकाशा टेबलावर पसरून नाही, डोक्यावर धरून वाचायचा असतो, एवढं कृपया त्यांना कळवावं.