वण पुसला जात नाही, हे आधीच सांगणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सादर नमस्कार.

मोहफुले वेचायला गेलेल्या माझ्या धाकट्या बहिणीवर अस्वलाने हल्ला केला, तेव्हा तिचा जीव वाचविणाऱ्यांचे आभार आम्ही त्याच वेळी मानले. आपले आभार त्यानंतरच्या, चेहऱ्याच्या प्रश्नासाठी आहेत. आणि गडचिरोलीपासून मेळघाटापर्यंत अशा जखमा सोसलेली माणसे पुष्कळ असल्याने ते जाहीरपणे मानत आहे.

गालावर तळहाताएवढा वण आणि त्याच्या ओढीने खाली खेचलेली पापणी, अशा अवस्थेत आम्ही आपल्याकडे आलो. त्यापूर्वी एका खासगी दवाखान्यात ‘लेझरने सगळे साफ होईल’ असे सांगून आगाऊ रक्कम मागण्यात आली होती. आपण मात्र पहिल्याच भेटीत स्पष्ट केले की वण पुसला जात नाही, त्याची रुंदी, दिशा आणि जाडी तेवढी बदलता येते. लालसर, ताठर वण निवळायला साधारण वर्ष लागते, म्हणून गालाची घाई नको. पण डोळा पुरता मिटत नसेल तर बुबुळ कोरडे पडून नजरेलाच धोका, म्हणून पापणी आधी. तिथे आपण कानामागची पूर्ण जाडीची त्वचा लावली. मांडीची पातळ त्वचा पुढे अधिक आकसते आणि चेहऱ्याच्या रंगाशी जुळत नाही, हे आईला पटेपर्यंत आपण समजावले.

गालासाठी आपण तिला आरशासमोर बसविले, वणाच्या कडेची त्वचा दोन बोटांत धरून ती किती सैल आहे ते दाखविले आणि पेनाने रेघा आखल्या. एक मार्ग असा, की शाबूत त्वचेखाली सिलिकॉनची पिशवी ठेवून तिच्यात दर आठवड्याला थोडे थोडे सलाईन भरायचे आणि वाढलेली त्वचा वणाच्या जागी सरकवायची. यात मोठा वण लवकर निघतो, परंतु दोन-तीन महिने गाल फुगलेला राहतो आणि जंतुसंसर्ग झाल्यास पिशवी काढावी लागते. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की आमच्या गावचा रस्ताच बंद होतो. दर आठवड्याची फेरी कशी जमणार? दुसरा मार्ग म्हणजे मधला भाग कापून कडा जोडायच्या, काही महिने त्वचा सैल होऊ द्यायची आणि पुन्हा तेच करायचे. ओठाच्या कोपऱ्याकडची ओढ ‘झेड’ आकाराच्या छेदांनी सुटते, हेही आपण कागदावर काढून दाखविले.

मग ‘तुला काय हवे?’ हा प्रश्न आपण तिलाच विचारला. (आमच्याकडे असे प्रश्न घरच्या पुरुषांनाच विचारले जातात, आणि मीही उत्तर द्यायला सरसावलोच होतो.) तिने टप्प्याटप्प्याचा मार्ग निवडला. त्या एका प्रश्नाबद्दल मी आपला सर्वाधिक ऋणी आहे.

आता तिचा डोळा पूर्ण मिटतो. सिलिकॉनची पट्टी, मालीश आणि उन्हात दुपट्टा हे सारे नेमाने सुरू आहे. पुढील टप्प्यासाठी धानकापणी आटोपताच येऊ.

आपला कृतज्ञ,
एक भाऊ, गडचिरोली जिल्हा