मधुमेहींसाठी सहा आठवड्यांची शिकवणी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) ‘इंडियाब’ या मधुमेहाविषयीच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले. देशातील मधुमेहाची सरासरी 11.4 टक्के असताना गोव्यातील प्रमाण 26.4 टक्के, म्हणजे सर्व राज्यांत अधिक निघाले. त्यावर आपल्याकडे जे बोलले गेले, ते बहुतेक आपण काय खातो, काय पितो आणि किती बसून राहतो यांविषयीच होते. ज्याला मधुमेह जडलाच आहे त्याने पुढची वर्षे त्याच्यासह कशी काढावीत, हे त्याला कोणी शिकवायचे, याची वाच्यता फारशी झाली नाही.

मला मधुमेह होऊन 14 वर्षे झाली. निदानाच्या दिवशी मला ‘भात बंद करा’ एवढेच सांगण्यात आले. सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि दुपारी शीत-कडी असलेल्या आमच्या घरात तो उपदेश चार दिवसही टिकला नाही. पुढे एका एकादशीला उपवास असूनही मी नेहमीची गोळी घेतली आणि देवळाच्या पायऱ्यांवर दरदरून घाम फुटून हातपाय थरथरू लागले, तेव्हा साखर उतरणे म्हणजे काय ते समजले. तेही शेजारच्या बाईने चिमूटभर साखर तोंडात घातली म्हणून. उपवासाच्या दिवशी गोळीचे काय करायचे, हे मी विचारले नव्हते आणि मला कोणी सांगितलेही नव्हते. बऱ्याच वर्षांनी एका परिचारिकेने विचारले, “बाई, तुम्ही किती डाव भात घेता?” त्या प्रश्नानंतर तीन डावांचे दीड झाले आणि ते आजतागायत टिकले आहेत.

असे प्रश्न योगायोगावर न सोडता त्यांची रीतसर शिकवणी बांधण्याचे काम स्टॅनफर्ड विद्यापीठातील केट लोरिग यांनी केले. त्या मूळच्या परिचारिका. संधिवाताच्या रुग्णांपासून सुरुवात करून त्यांनी पुढे मधुमेहींसाठीही अभ्यासक्रम तयार केला. सहा आठवडे, आठवड्यातून एकदा अडीच तास, एवढाच त्याचा व्याप असतो आणि शिकवणारे दोघे बहुधा स्वतःच त्या आजाराचे रुग्ण असतात. प्रत्येकाने आठवड्यापुरता एक लहान संकल्प करायचा, काय, किती, केव्हा आणि किती दिवस हे ठरवायचे, आणि तो पार पडेल याची स्वतःला शून्य ते दहापैकी किती खात्री वाटते ते सांगायचे. उत्तर सातच्या खाली आले, तर संकल्पच सोपा करायचा. मी आयुष्यभर 35 गुणांवर मुलांना उत्तीर्ण केले. इथे उत्तीर्ण होण्याची रेषा 70 वर आहे, पण नापास होतो तो संकल्प, विद्यार्थी नव्हे, हे मला फार भावले.

या शिकवणीने साखर हमखास आटोक्यात येते, असा दावा मी करणार नाही. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या लोरिग यांच्याच चाचणीत सहा महिन्यांनी सहभागींच्या तीन महिन्यांच्या सरासरी साखरेत, म्हणजे एचबीएवनसीमध्ये, इतरांच्या तुलनेत सुधारणा दिसली नाही. अर्थात ती मुळातच फारशी वाढलेली नव्हती. मात्र त्यांचे नैराश्य आणि साखर उतरण्याची लक्षणे कमी झाली, खाणे सुधारले आणि डॉक्टरांशी बोलण्याची भीड चेपली. गैरसोयीचा निष्कर्षही त्यांनी उघड मांडला, म्हणून उरलेल्यांवर माझा विश्वास बसतो.

आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतील परिचारिका लसीकरण, गरोदर स्त्रियांची तपासणी आणि नोंदवह्या यांतच बुडालेल्या असतात. त्यांच्यावर आणखी एक काम लादून हे होणार नाही. आठवड्यातील एक दुपार त्यांना याच कामासाठी मोकळी द्यावी, प्रत्येक गावातून दोन मधुमेहींना प्रशिक्षण द्यावे, आणि साहित्य मराठीत व कोकणीत असावे, अशी आरोग्य खात्याला माझी विनंती आहे. पहिला वर्ग चतुर्थीच्या सहा आठवडे आधी सुरू व्हावा, कारण नेवऱ्या आणि पातोळ्या समोर आल्यावर किती घ्याव्यात, हे सण संपल्यावर शिकवून उपयोग नाही.

जागेची अडचण निदान आमच्या गावात तरी नाही. देवळाच्या मंडपात खुर्च्या आणि पंखे आहेत, आणि शिकवणाऱ्या दोघांत माझे नाव घालण्यास माझी हरकत नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
डिचोली