सासवडच्या इलेक्ट्रिशियन माउलींना, दिंडीच्या बॅटरीपेटीबद्दल

रामकृष्ण हरी, माउली.

आषाढीच्या वाटेवर, सासवडच्या मुक्कामात तुम्ही आमच्या दिंडीच्या ट्रॉलीवरची बॅटरीची पेटी नीट करून दिलीत. ती ट्रॉली पंढरपूरला जाऊन गावी परत आली, पुढे परतीच्या पावसातही उघड्यावरच उभी होती. परवा पेटी उघडली, तळ कोरडा आहे. तुमचं नाव कुठे लिहू नका असं तुम्हीच बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पण आभार मात्र चारचौघांत मानायचे आहेत. तुम्ही केलंत ते काम दुसऱ्या दिंड्यांनाही करून घेता यावं, एवढ्यासाठी जरा सविस्तर लिहिते.

वारीतली रात्र ज्यांनी पाहिली नाही त्यांना बॅटरीचं एवढं काय, असं वाटेल. आमच्यातल्या निम्म्याहून जास्त बायका साठीच्या पुढच्या. पहाटे तीनच्या सुमाराला उठायचं, टँकरपाशी अंघोळ, चिखलातून शौचालयापर्यंत जायचं, सगळं अंधारात. तंबूतले दिवे, त्या वाटेवरचा दिवा, कीर्तनाचा माइक, सगळ्यांचे मोबाइल, हे सारं त्या दोन बॅटऱ्यांवर आणि एका इन्व्हर्टरवर चालतं. वाटेवरचा दिवा गेला की म्हाताऱ्या बायका संध्याकाळपासून पाणी पिणं कमी करतात, रात्री उठायला लागू नये म्हणून. दिवसभर चालणाऱ्या माणसाला ते किती बाधतं हे मी जवळून पाहिलं आहे. म्हणून पेटीत पाणी शिरणं माझ्या लेखी किरकोळ नव्हतं, आणि गर्दीच्या त्या दिवसांतही तुम्ही ते किरकोळ मानलं नाहीत.

दिवे घाट भर पावसात चढून आम्ही तुमच्या दुकानाशी थांबलो तेव्हा पेटीत चार बोटं पाणी होतं. टर्मिनलांवर हिरवट पांढरा खार चढला होता. पेटी बनवून देणाऱ्यांनी झाकणाभोवती सगळीकडे सिलिकॉन भरलं होतं, थेंबसुद्धा जाणार नाही म्हणून सांगितलं होतं. आमच्या ड्रायव्हरदादांनी तुमच्याकडे आणखी सिलिकॉनच मागितलं. तुम्ही ते दिलं नाहीत. ट्रॉलीभोवती एक फेरी मारलीत, आणि मग इन्व्हर्टरकडून उतरणाऱ्या केबलवर मगभर पाणी ओतलंत. पाणी केबलच्या अंगावरून घसरत थेट पेटीच्या माथ्यावरच्या भोकात गेलं. आम्ही सगळे झाकणाकडे बघत होतो, पाणी भलतीकडूनच येत होतं.

त्यानंतर तुम्ही जे सांगितलंत ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. उन्हानं आणि चार्जिंगनं पेटीतली हवा तापते, फुगते. वरून गार पाऊस पडला की ती आक्रसते आणि बाहेरची हवा ओढून घेते. पेटी घट्ट बंद असेल तर जिथे केसाएवढी फट असेल तिथूनच ही ओढ लागते, आणि त्या फटीवर पाणी साचलेलं असलं की तेच आत जातं. एकदा गेलं की बाहेर पडायला वाट नाही. शिवाय आमच्या बॅटऱ्या डिस्टिल्ड वॉटर घालायच्या, ट्यूब्युलर. चार्ज होताना त्यांतून हायड्रोजन निघतो. हवेत तो चार टक्के झाला तरी ठिणगीनं पेटतो. म्हणजे थेंब जाऊ नये म्हणून हवाबंद केलेल्या पेटीशेजारी आम्ही बायका झोपत होतो. हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला, आणि तुम्ही ते न घाबरवता, शांतपणे सांगितलंत याबद्दलही आभार.

मग काम सुरू झालं. माथ्यावरचं भोक पत्रा लावून बंद केलंत. केबल बाजूनं, खालच्या अंगाला नवं भोक पाडून, रबरी ग्रोमेट, म्हणजे केबल पत्र्याच्या कडेला घासू नये म्हणून भोकात बसवायची कडी, बसवून आत घेतलीत, आणि आत शिरण्याआधी तिला भोकाच्या खाली उतरेल असा झोल ठेवलात. केबलवरून आलेलं पाणी आता त्या झोलाच्या तळाशी थांबतं आणि जमिनीवर टपकतं. जुनं सपाट झाकण काढून चारी बाजूंनी खाली वळलेलं, मागे उतार असलेलं झाकण बसवलंत. घराला वळचण असते तशी पेटीलाही हवी, असं तुम्ही म्हणालात. तिच्या आडोशाला दोन्ही बाजूंना वरच्या अंगाला खाली तोंड केलेले पीव्हीसीचे एल्बो, म्हणजे पाइपाचे वाकडे जोड, त्यांना मच्छरदाणीची जाळी. वायू वरून निघून जातो, पाऊस आत येत नाही, गांधीलमाश्या घर करत नाहीत.

तळाला चार कोपऱ्यांत भोकं पाडताना ड्रायव्हरदादा कुरकुरले होते. पाणी येऊ नये म्हणून भोकं कशाला पाडायची, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. आलंच तर जाईल कुठून, असं तुम्ही विचारलंत आणि चाकाचा चिखल वर उडू नये म्हणून पुढे जुन्या ट्यूबच्या रबराचा पडदाही लावलात. बॅटऱ्या पट्ट्यांवर उचलून ठेवल्यात आणि वरून क्लॅम्पनं आवळल्यात, ट्रॉलीच्या हादऱ्यात हलू नयेत म्हणून.

एक गोष्ट तर मी आता गावात सगळ्यांना दाखवते. मीटरची काळी तार निगेटिव्हला लावून लाल तार तुम्ही बॅटरीच्या नुसत्या ओल्या प्लास्टिकवर टेकवलीत, तरी मीटरवर व्होल्ट दिसले. वरच्या ओल्या घाणीतून वीज गळत होती, म्हणूनच रात्री चार्ज केलेली बॅटरी न वापरताही उतरायची. खाण्याच्या सोड्याचं पाणी लावून खार धुतलात, पण आधी सगळी बुचं घट्ट लावून, कारण सोडा आत गेला तर ॲसिड मरतं. केबल काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. टर्मिनल आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली, आवळण्याआधी नाही. ड्रायव्हरदादांनी हे सगळं झाकणाच्या आतल्या बाजूला रंगानं लिहून ठेवलं आहे.

तुम्ही फक्त सामानाचे पैसे घेतलेत. दुकानाबाहेर रांग असताना आमच्यासाठी इतका वेळ दिलात, आणि प्रत्येक गोष्ट करण्याआधी का ते सांगितलंत. सासवड सोडल्यापासून वाखरीपर्यंत वाटेवरचा दिवा एकाही रात्री गेला नाही. आमच्या बायकांनी तुम्हाला आशीर्वाद कळवायला सांगितले आहेत, त्यांतल्या बऱ्याच जणींना तुमचा चेहराही आठवत नसेल, पण दिवा आठवतो.

शेजारच्या दोन दिंड्यांना अशाच पेट्या करून हव्या आहेत. त्यांच्या ट्रॉलीची मापं घेऊन ठेवते. आमच्या पुढच्या रबराला एका बाजूनं चीर गेली आहे, तेवढं सोडलं तर सगळं ठीक आहे. पुढच्या आषाढीला सासवडला मुक्काम असेलच, तेव्हा ट्रॉली घेऊन येऊ.

आपली,
दिंडीची व्यवस्था पाहणारी एक माळकरी