त्या बाटलीबद्दल

प्रिय मित्रा,

तू पाठवलेला रेसव्हेराट्रॉलच्या गोळ्यांच्या बाटलीचा फोटो पाहिला. ‘सर्टुइन जागवा, हृदय जपा!’ लेबल लिहिणारा वस्ताद आहे, कारण यातलं अर्धं खरं आहे. पूर्ण खोटं असतं तर फोनवरच चार शिव्या घालून मोकळा झालो असतो.

सर्टुइन ही प्रथिनं आपल्यात सात प्रकारची, सर्ट-१ ते सर्ट-७. इतर प्रथिनांवर चिकटलेले अ‍ॅसिटिल गट, म्हणजे छोटे रासायनिक तुकडे, काढणं हे त्यांचं मुख्य काम. त्यात एनएडी हा रेणू खर्ची पडतो, आणि वय वाढेल तसा तो आटत जातो.

आता तुझ्या धमनीत डोकाव. अस्तर दुखावलं, एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, आत शिरून तिथेच ऑक्सिडेशनने बिघडलं. सफाईला आलेल्या मॅक्रोफेज पेशींनी ते इतकं खाल्लं की फुगून फेसाळ झाल्या आणि अडकून बसल्या. तुझा ‘ब्लॉकेज’ सुरू झाला तो असा. सर्ट-१ इथे खरंच कामाचं आहे: ते नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या एन्झाइमला चालना देतं, म्हणून धमनी सैलावते. दाह भडकवणाऱ्या एनएफ-कप्पा-बी या प्रथिनाला आवरतं, आणि त्या खादाड पेशींतलं कोलेस्टेरॉल बाहेर काढायलाही हातभार लावतं.

मग गोळीला नाक का मुरडतोय? तुझ्या बाटलीतलं रेसव्हेराट्रॉल सर्टुइनला चालना देतं आणि त्याने यीस्टचं आयुष्य वाढतं, असा शोधनिबंध २००३ साली आला आणि एकच गाजावाजा झाला. २००८ मध्ये ग्लॅक्सोस्मिथक्लाइन या बड्या औषध कंपनीने सर्टुइन जागवणारी औषधं शोधणारी सर्ट्रिस ही कंपनी ७२ कोटी डॉलरला घेतली. २०१३ मध्ये तिचं वेगळं बिऱ्हाड गुंडाळलं. हृदयविकारासाठी मंजूर झालेलं औषध काही त्यातून निघालं नाही.

मला सगळ्यात बोलका वाटतो तो २००७चा उंदरांवरचा प्रयोग. हृदयात सर्ट-१ अडीच ते साडेसात पट वाढवलं, तर हृदय म्हातारं व्हायचा वेग मंदावला. साडेबारा पट केलं, तर हृदयाचा स्नायूच निकामी होऊ लागला. म्हणजे ‘जागवा’ म्हणताना किती, हे लेबलवाल्याला विचारायला हवं.

आणि एक. फोटोत बाटलीमागे तुझ्या स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधाची, पट्टी दिसते. मोठं करून पाहिलं. दहाच्या दहा गोळ्या तशाच आहेत. नवीन पट्टी आहे, की बंद केल्यास? आजच कळव.

तुझाच,
काळजीत पडलेला मित्र