सतरा नंबरच्या विद्यार्थ्यांचे वीस गुण

महोदय,

दहावीला खासगीरीत्या बसणाऱ्यांसाठी सतरा नंबरचा अर्ज भरण्याची मुदत दरवर्षी वृत्तपत्रांत छापून येते. परंतु अर्ज भरल्यापासून परीक्षेपर्यंत या विद्यार्थ्यांची तयारी कशी होते, याची चर्चा क्वचितच होते. निवृत्तीनंतर मी संध्याकाळी अशा काही जणांना शिकवते. त्यांत दुकानांत आणि घरकामाला जाणाऱ्या स्त्रिया आहेत, तसेच आखातात नोकरीसाठी जाऊ पाहणारे तरुणही आहेत. (दहावी उत्तीर्ण असल्यास पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे काही देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारी परवानगी लागेल असा शेरा, येत नाही, हे आमच्या कोकणात वेगळे सांगावे लागत नाही.)

या मंडळींना सर्वाधिक भीती गणिताची वाटते आणि ती अनाठायी नाही. बीजगणित आणि भूमिती यांच्या चाळीस-चाळीस गुणांच्या दोन स्वतंत्र प्रश्नपत्रिका असतात, आणि अनेक वर्षे पेन हाती न धरलेल्या माणसाला प्रमेयापेक्षाही दोन तास सलग लिहिणे जड जाते. म्हणून मी आधी रोज पानभर लिहायला लावते आणि समीकरणांकडे नंतर वळते. बोर्डाच्या जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवल्याशिवाय हा हात सुटत नाही, असा माझा अनुभव आहे.

तथापि खरी अडचण घरी बसून सुटणाऱ्या ऐंशी गुणांची नसून संपर्क केंद्राकडून, म्हणजे मंडळाने नेमून दिलेल्या शाळेकडून, मिळणाऱ्या वीस गुणांची आहे. भाषांची तोंडी परीक्षा, विज्ञानाचे प्रयोग आणि गणिताचे अंतर्गत मूल्यमापन यांसाठी या विद्यार्थ्यांना त्या शाळेत जावे लागते. हे गुण किती निर्णायक ठरतात, ते २०१९ मध्ये दिसले. त्या वर्षी भाषांचे तोंडी परीक्षेचे गुण वगळले गेले आणि आदल्या वर्षी ८९.४१ टक्के असलेला राज्याचा निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. अभ्यासक्रम नवा होता, हेही त्यामागचे एक कारण होते. तरीही पुढच्या वर्षी तोंडी परीक्षेचे गुण पुन्हा देण्यात आले, हे बोलके आहे.

माझ्या एका विद्यार्थिनीला प्रात्यक्षिकाची तारीख शाळेकडून आदल्या दिवशी दुपारी कळली आणि तिचा दिवसाचा रोज बुडाला. शिक्षकांवर नियमित वर्गांचाच भार असतो, हे मी जाणते. परंतु नोकरी करणाऱ्या प्रौढाला आठवड्याच्या मधल्या वारी सकाळी अकरा वाजता बोलावणे म्हणजे त्याने येऊ नये असेच सुचवणे होय.

राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा (एनआयओएस) पर्याय अनेकांना माहीतच नसतो. तेथे माध्यमिक परीक्षा मराठी माध्यमातून देता येते, गणित घेण्याची सक्ती नाही आणि पाच वर्षांत एकेक विषय सोडवत जाता येते. असे असले तरी ‘बोर्डाची दहावी’ हवी असणाऱ्यांची संख्या मोठीच राहणार, कारण मालक आणि सासरची माणसे तीच ओळखतात.

यासाठी विभागीय मंडळांनी प्रत्येक संपर्क केंद्राला प्रात्यक्षिके, तोंडी परीक्षा आणि वह्या सादर करण्याच्या तारखा डिसेंबरपूर्वी लेखी कळवण्यास सांगावे, ही कामे शक्यतो रविवारी ठेवावीत आणि जेथे रात्रशाळा आहे तेथे तिलाच संपर्क केंद्र म्हणून प्राधान्य द्यावे, अशी विनंती आहे.

एक निवृत्त शिक्षिका, रत्नागिरी