चि. ओंकारला, मालवणहून

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

तुमचा अल्बम ऐकला. तायडीने मोबाइलवर लावून दिला. मी आमटीला फोडणी देत होते. मोहरी तडतडून वाटण घालेपर्यंत दोन गाणी संपलीसुद्धा! मला वाटलं रेंज गेली. तायडी म्हणाली, हार्डकोर पंक असंच असतं, मिनिट-दीड मिनिटाचं.

परवा फोनवर तुझा आवाज बसलेला होता. घशाबद्दल काही लिहायचं नाही असं ठरवूनच कागद घेतलाय, तेव्हा ते राहू दे.

एलईडीच्या उजेडाने मासे ओढणाऱ्या बोटींवरचं गाणं बाबांनी पुन्हा लावायला सांगितलं. त्या मासेमारीवर २०१७ पासून केंद्राची बंदी आहे, आणि रात्री किनाऱ्यावर उभं राहावं तर समुद्रात लग्नाचा मांडव घातल्यासारखा झगमगाट. इथे किनाऱ्यावरून रापणीचं जाळं ओढून हात सोलवटतात आणि जाळ्यात चार पेडवे. बाबा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "झील खरां बोलता." एवढंच. रात्री जेवताना मात्र स्वतःशीच ठेका धरून होते. वाडीत कोणाचे पैसे त्या बोटींत आहेत ते तुला ठाऊक आहे. गणपतीत काकांकडे ते गाणं लावू नकोस म्हणजे झालं.

पण बाळा, त्यातलं ते शेवटचं ओरडणं! आजोबा दशावतारात राक्षस करायचे तेव्हा माइक नव्हते. पेट्रोमॅक्सच्या उजेडात गर्जना थेट जत्रेतल्या खाजेवाल्यापर्यंत पोचायला हवी. गालात कायम ज्येष्ठमधाची काडी. हिरण्यकश्यपू होऊन आले की पुढची पोरं भोकाड पसरायची, आणि हे आत जाऊन खुदुखुदु हसायचे. तू त्यांच्यावरच गेलायस. शेवटी शेवटी पाणी हवं असलं की भांडं जमिनीवर आपटायचे. तुला तो खेळ वाटायचा, तूही पेला घेऊन आपटायचास.

सकाळी मिठाच्या गुळण्या कर. फ्रीजचं पाणी नको. कार्यक्रम झाल्यावर दोन तास तोंड उघडू नकोस, आणि त्या ड्रमवाल्याच्या सिगारेटच्या धुरात तर मुळीच... बघ, लागले उपदेश करायला. एवढ्या मोठ्या मुलाला गुळण्या शिकवतेय, रागावू नकोस.

तू त्या वॉशिंग्टनच्या मायनर थ्रेट बँडबद्दल सांगितलं होतंस, दारू-सिगारेटला न शिवता असलीच गाणी म्हणायचे, तेव्हा मी निर्धास्त झाले होते. आता तायडी म्हणते, १९८० ला सुरू झाले आणि १९८३ ला थांबलेसुद्धा. घशामुळे नाही ना?

रात्रीच्या लक्झरीने कोकमाच्या आगळाची बाटली आणि ज्येष्ठमध पाठवतेय. आगळ गाण्याआधी घेऊ नकोस, आंबट आहे. बंगळूरला जायच्या आधी फोन कर.

तुझी,
आई

ता. क. पाचव्या गाण्यात मध्येच कुणीतरी खोकतं. तू नव्हेस ना?